तीन गावांच्या माश्या आणि पिशवीभर काळी केळी

शहापूर-मुरबाडकडच्या रानातून परत आलेल्या माणसाने बिबट्याबद्दल काहीतरी सांगावं, अशी लोकांची अपेक्षा असते. मीही सांगतो. आमच्या चहाच्या टपरीवर आतापर्यंत अकरा बिबटे सांगून झाले, त्यातल्या एकाने तर मला किन्हवलीचा रस्ता विचारला होता. पण डिसेंबरच्या थंडीत मला खरा घाम फोडला तो तिळाएवढ्या एका प्राण्याने, आणि त्या प्राण्याचा त्यात काडीचाही दोष नव्हता.

मी भोईर. कल्याणच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक. तीस वर्षं बेडूक, झुरळं आणि विद्यार्थी सांभाळले. आमच्याकडे अश्विनी मॅडम संशोधन करतात, वय तिशीच्या आतबाहेर, अंगाने काडी आणि आवाजाने तलाठी. त्यांचा विषय फळमाशी. पिकल्या केळ्यावर घोंघावतं ते लाल डोळ्यांचं चिलट. मॅडमचं म्हणणं असं, की चिलट काही लांबचा प्रवास करत नाही. मग मधे डोंगर, धरण, नदी असलेल्या गावांतली चिलटं पिढ्यानपिढ्या आपापल्या जागी राहून वेगळी झाली असतील का? कुठल्याचं पोट काळपट, कुठल्याचे पंख मोठे, कुठल्याच्या अंगावरचे केस जास्त? नुसतं रानात बघून चालत नाही, कारण थंडीत वाढलेली माशी तशीही काळीच होते. म्हणून प्रत्येक गावच्या माद्या आणायच्या, एकेक मादी एकेका काचेच्या नळीत ठेवायची, आणि सगळ्यांची पिल्लावळ एकाच उबेत दोन पिढ्या वाढवायची. तरीही फरक उरला, तर तो रक्तातला.

अडचण एवढीच होती की मॅडमच्या आधीच्या माश्या दिवाळीच्या सुट्टीत लाइट गेल्यावर त्यांच्या तापमान राखणाऱ्या कपाटातच उकडून मेल्या होत्या. मार्चमध्ये फेलोशिप संपत होती. हा शेवटचा हिवाळा. या फेरीत माश्या धड आल्या नाहीत, तर पाच वर्षं पाण्यात. हे मला माहीत होतं. पुढे जे झालं ते वाचताना तुम्ही हे विसरू नका. मी विसरलो होतो.

खर्डी

खर्डीला आम्ही साळवेबाईंकडे उतरलो. बाई कल्याणला नोकरीला, मॅडमच्या ओळखीच्या. दारात ‘जय भीम’ झाला, आत बुद्धाच्या तसबिरीपुढे ताजी फुलं, आणि दहा मिनिटांत बाईंनी आम्हाला चहा देऊन, घराची किल्ली मॅडमच्या हातात ठेवून गाडी पकडली. आमच्या आळीत पाहुण्याला किल्ली द्यायची तर आधी त्याची सात पिढ्यांची चौकशी होते. इथे बाई जाता जाता फक्त म्हणाल्या, “ओट्यावर खायचं काय ठेवू नका. माकडं हायत.”

ओट्यावर मी केळ्यांचा डबा ठेवला होता.

हा डबा म्हणजे मोहिमेचा प्राण. केळी कॉलेजातच सालीसकट उकडून, कुस्करून, यीस्ट घालून भरलेली. मॅडमने मला चारदा बजावलं होतं: बाजारातलं न उकडलेलं केळं वापरायचं नाही, त्यात बाजारातल्या माश्यांची अंडी असतात, माशी बाजारची आणि नाव गावाचं असा घोळ होतो. मी चारदा मान हलवली होती. मॅडम भाताच्या खाचरांपलीकडे झाडं बघायला गेल्या, मी ओट्यावर डब्याशेजारी राखणीला बसलो, उन्हात पाठ शेकली, आणि डोळा लागला.

जागा झालो तेव्हा ओट्यावर दोनशे माकडं होती. बरं, सहा. पण त्यातला म्होरक्या माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता ती दोनशेंची होती. डबा उपडा पडला होता आणि एक पिल्लू त्याच्या आतली बाजू चाटत होतं. मी हातात चप्पल घेतली. म्होरक्याने दात दाखवले. मी चप्पल पायात घातली.

आता कोणीही सरळ माणूस काय करेल? मॅडमना सांगेल. मॅडम चार शब्द बोलतील, साळवेबाईंच्या पातेल्यात नवी केळी उकडतील, विषय संपेल. पण राखणीला बसलेला माणूस झोपला हे सांगायचं तर आधी झोपलो हे सांगावं लागतं, आणि मी तीस वर्षांत कधी झोपलेलो नाही, असं सगळ्या कॉलेजला मीच सांगून ठेवलेलं. मी डबा धुतला, मॅडमना फोन करून कापूस कमी पडतोय म्हणालो, आणि जीप पकडून शहापूरच्या बाजारात गेलो.

तिथल्या हातगाडीवाल्याने टाकायला काढलेली, काळी पडलेली केळी एका कोपऱ्यात होती. मला तीच बरी वाटली, उकडल्यासारखी मऊ. तो म्हणाला, “म्हशीला नेता काय?” मी हो म्हणालो. सालींना देठापाशी तपकिरी दाणे चिकटलेले होते, जिऱ्यासारखे. मी म्हटलं, असेल काहीतरी बाजारातलं. साली तशाच ठेवून मी केळी डब्यात चेचली, उरलेली पिशवीत दडवली. संध्याकाळी मॅडमने डब्यातला लगदा बाटल्यांत भरला. “काका, वास जरा जास्तच चढलाय.” मी म्हटलं, खर्डीची हवा.

सकाळी झाडांवरच्या बाटल्या उतरवल्या तर आत चिलटं गच्च. थंडीत रानात एवढी माशी मिळत नाही, मॅडम खूश. त्यांनी मला तोंडाने ओढायची नळी दिली. एक टोक बाटलीत, एक तोंडात, मधे जाळीचं फडकं, आणि अलगद श्वास घेतला की माशी नळीत येते. मला तीन तास एकच भीती, की फडकं सुटेल आणि अख्खी खर्डी माझ्या पोटात जाईल. ती भीती बरी होती. ती आपली आपण संपली.

भातसानगर

दुसरा मुक्काम धरणाच्या वसाहतीत. ओळखीने एक रिकामी खोली मिळाली, भिंतींना ओल आणि खिडकीतून पाणीच पाणी. आंब्यांना बाटल्या टांगून आम्ही जेवायला बसतो तोच दारात धरणावरचा पहारेकरी उभा, हातात काठी, दुसऱ्या हातात आमची एक बाटली.

“ह्या कोनी टांगल्या?”

मॅडम हात धूत होत्या. मी पुढे झालो. भीती वाटली की माझी जीभ आपोआप मोठी होते. मी त्याला सांगितलं की आम्ही सरकारी माणसं, वरून आलोय, वरच्याही वरून, आणि आमच्या साहेबांना धरणाची काळजी फार.

“बाटलीत काय हाय?”

“केळं.”

“केळं केळीला लागतं. आंब्याला कसं लागलं?” तो आत आला. “ह्ये पानी मुंबई पिते. उद्या कुनाच्या पोटात दुखलं तर मला धरतील, तुमच्या साहेबाला नाय.”

डोळ्यांपुढे पोलीस, वर्तमानपत्र, आणि त्यात माझा आधार कार्डावरचा फोटो, जो मुळातच अटक झाल्यासारखा आहे. मॅडम आल्या, कॉलेजचं पत्र दाखवलं, आणि तुम्ही सांगाल तितक्या लांब बाटल्या नेते, असं साध्या शब्दांत सांगितलं. मग त्यांनी भिंगाखाली एक माशी धरून त्याच्यापुढे केली. तो बराच वेळ वाकून बघत होता.

“डोळे लाल हायत गो बाय. रातपाळी करते काय ही?” काठी बाजूला ठेवून तो म्हणाला. आणि मग त्यानेच पाण्यापासून लांबची, वाऱ्याच्या आडोशाची झाडं दाखवली. माझ्याकडे वळून मात्र म्हणाला, “तुमी बोलू नका. बाय बोलते ते बरं हाय.”

दुसऱ्या दिवशीही बाटल्या भरलेल्या. मॅडम खिडकीत भिंग लावून बसल्या. मी कापसाचे बोळे वळत होतो.

“काका, कोवळ्या खूप आहेत यात. अंगाला रंगच चढलेला नाही. आजच निघाल्यासारख्या.”

मी म्हटलं, थंडीने फिकट पडल्या असतील. मॅडम म्हणाल्या, थंडीने काळ्या पडतात. माझ्या हातातला बोळा इतका घट्ट वळला गेला होता की त्याने खिडकीची काच फुटली असती.

म्हसा

शहापूरहून किन्हवली, सरळगाव करत एसटीने मुरबाड, आणि तिथून म्हसा. म्हशाची मोठी जत्रा अजून महिनाभर लांब होती. माळ मोकळा, बैलांच्या बाजाराच्या जागी पोरं क्रिकेट खेळत होती. गावाबाहेर शेवंताबाईंच्या घरी आमची सोय होती. साठीच्या बाई, स्वतःची भातशेती, दोन म्हशी, मागे चिकूची चार झाडं. जेवायला तांदळाची भाकरी, वालाची आमटी आणि कांदा घालून सुकट. मी कल्याणचा आगरी, ताज्या मासळीशिवाय घास न उतरणारा. त्या सुकटीपुढे मी पाच भाकऱ्या खाल्ल्या. आमच्याकडे पाहुण्याने नको म्हणायचं आणि यजमानाने वाढायचं असतं. इथे मी रीतीने नको म्हणालो आणि बाईंनी खरंच वाढायचं थांबवलं. मला पुन्हा मागून घ्यावं लागलं.

दुपारी मॅडम आधीच्या गावांच्या नळ्या तपासत होत्या. मी मागल्या अंगणात बाटल्या भरत होतो. शेवंताबाई शेण सारून हात धुऊन आल्या, आणि डब्यात वाकून बघितलं.

“दादा, ही केळी कुठची?”

“कल्याणची. उकडलेली.”

बाईंनी लगद्यात बोट घातलं आणि नखावर काहीतरी काढून माझ्या नाकापुढे धरलं. पांढरं, दोऱ्याच्या तुकड्याएवढं. ते वळवळलं.

“उकडलेल्या केळ्यात अळी जिती कशी ऱ्हायली?” मग सालीवरचा तपकिरी दाणा टोकरला. “आनि ह्ये बगा. ह्यातनं चिलट निघतंय. पावसात आमच्या फणसाखाली ह्येच असतं. बाटलीत दोन दिस ठेवा, बाटली भरंल.”

मी त्या दाण्याकडे बघत उभा राहिलो. खर्डी भरली होती. भातसानगर भरलं होतं. ती खर्डीची माशी नव्हती आणि भातसानगरचीही नव्हती. शहापूरच्या बाजारातल्या एका हातगाडीची पिल्लावळ मी पिशवीत घालून गावोगाव हिंडवत होतो.

“मॅडमसमोर बोलू नका,” मी म्हणालो.

“मी कशाला बोलू? तुमाला तोंड हाय ना.”

मला वाटलं, आज संध्याकाळी सांगू. किंवा उद्या. किंवा कल्याणला गेल्यावर, एखादा चांगला प्रसंग बघून. एवढ्यात मॅडम आतून धावत आल्या. मी त्यांना कधी धावताना बघितलं नव्हतं.

“काका, फरकच नाही. खर्डी आणि भातसानगर, पिढ्या वाढवायच्या आहेतच, पण मी दहा-दहा माद्या बघितल्या, एका घरच्या असाव्यात इतक्या सारख्या. उद्या म्हशाच्याही तशाच निघाल्या, तर विचार करा. डोंगर आहे, धरण आहे, आणि तरी फरक नाही. कोणी असं म्हटलेलं नाही.” त्यांचे कान लाल झाले होते. “मी सरांना फोन केला. सर म्हणाले, हे लिहायला घे.”

आमचे सर कसे आहेत ते सांगतो. त्यांच्या चपलेचा आवाज आला की फॉर्मलीनच्या बरणीतला नागसुद्धा वेटोळं नीट करून बसतो. पाच वर्षांत त्यांनी मॅडमना ‘ठीक’ या शब्दाच्या वर काही दिलेलं नव्हतं. आज ‘लिहायला घे’ म्हणाले.

त्या दुपारी मला जी भीती वाटली ती मी आधी कधी चाखली नव्हती. आयुष्यभर थापा मारल्या. माझ्या थापेवर माणूस हसतो, म्हणजे त्याने ती ओळखलेली असते, आणि हिशेब तिथेच मिटतो. ही पहिलीच थाप अशी निघाली की तिच्यावर कोणी हसलं नाही. ती आता कागदावर जाणार होती. तिथून छापली जाणार होती. मग कोणीतरी परगावचा माणूस उकडलेली केळी घेऊन खर्डीला येणार, वेगळ्याच माश्या धरणार, आणि विचारणार, ही अश्विनी कोण? त्या वेळी सगळ्यांपुढे उभी राहणार होती ती, मी नव्हे. मी तोवर निवृत्त होऊन टपरीवर बारावा बिबट्या सांगत असेन.

भरलेल्या बाटल्या मॅडमने चिकूला टांगल्या, मी टांगू दिल्या, आणि रात्री जेवलो नाही. शेवंताबाईंनी माझ्या ताटाकडे बघितलं आणि ताटातली भाकरी उचलून म्हशीला घातली. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

उजाडताच मॅडम चिकूखाली बाटल्या उतरवायला आल्या. मी पिशवी घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि उरलेली केळी बाहेर काढली. माकडं सांगितली, झोप सांगितली, बाजार सांगितला. सवयीने ‘दोनशे माकडं’ म्हणालो, मग थांबून ‘सहा’ म्हणालो.

मॅडम खाली बसल्या. मातीतच. त्यांनी नळ्यांच्या पेटीवर हात ठेवला. मी म्हटलं, मी या सगळ्या माश्या आत्ताच सोडून देतो.

“नको.” आवाज एवढा बारीक की मला वाकावं लागलं. “इथे सोडल्या तर उद्या म्हशात पण शहापूरच्या होतील. आधीच उघड्या बाटल्यांतून किती उडून गेल्या असतील, देव जाणे. तिन्ही ठिकाणची ती झाडं आता माझ्या कामाची नाहीत.”

हे मला सुचलंच नव्हतं. मी तीन गावं नासवून ठेवली होती. घाम आला. समोर म्हैस रवंथ करत होती, आणि मला तिचीसुद्धा लाज वाटली.

मग मॅडमने एक नवी बाटली काढली, त्यात माझी उरलेली दोन केळी सालीसकट घातली, तोंडाला कापसाचा घट्ट बोळा लावला आणि वर लिहिलं: ‘शहापूर बाजार. बाहेर टांगलेली नाही.’ फोन माझ्या हातात दिला.

“सरांना मी कालच सांगून बसले. आता तुम्ही सांगा.”

म्हशाच्या माळावर उभं राहून मी सरांना फोन लावला. एवढा सरळ मी आईपुढेही कधी बोललो नव्हतो. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि चक्क हसले. “भोईर, सकाळी सकाळी सुरू झालात? तुमची माकडं मला माहीत आहेत.” फोन बंद. पुन्हा लावला. सर म्हणाले, काम आहे, टपरीवर भेटल्यावर ऐकतो. खोटं बोलल्याबद्दल शिव्या खायला मी तयार होतो. खरं बोलल्यावर कोणी मानणार नाही, याची तयारी नव्हती.

कल्याण

परतीच्या वाटेवर ती बाटली मॅडमच्या मांडीवर होती. दुसऱ्या दिवशी सरांच्या टेबलावर बाटली ठेवली, तेव्हा आत पाच-सहा चिलटं फिरत होती. बोळा घट्ट, बाहेरून माशी जायला जागा नाही. सरांनी चष्मा वर केला. आमच्या डोळ्यांदेखत सालीवरच्या एका दाण्याचं टोक उघडलं आणि त्यातून फिकट, ओलसर, चुरगळलेल्या पंखांची माशी चालत बाहेर आली. थोडं थांबली. पंख उलगडायला लागली. माझ्या बाजूने साक्ष द्यायला आलेला आयुष्यातला तो पहिला जीव.

सरांनी चष्मा खाली घेतला. मग मॅडमना म्हणाले, “आठवड्याच्या आत परत जा. नवी झाडं, नवी जागा. यांच्याऐवजी दुसऱ्या कोणाला तरी ने.”

मॅडम म्हणाल्या, “काकाच येतील. कुठे चुकतं ते आता त्यांना माहीत आहे.”

हे त्यांनी दयेने म्हटलं नव्हतं. त्यांचा चेहरा दगडाचा होता.

पुन्हा तीच गावं

दुसऱ्या खेपेला केळी मी नेली नाहीत, मॅडमने नेली, आणि डबा कुलपाचा. खर्डीला रुळांच्या दुसऱ्या अंगाला, भातसानगरला पहारेकऱ्याने दाखवलेल्या तिसऱ्याच टेकाडावर बाटल्या लागल्या. थंडी वाढलेली. बाटल्या बघायला जाताना माझे पाय मागे पडायचे. खर्डीला चौदा माश्या मिळाल्या. भातसानगरला अकरा. पहिल्या खेपेला बाटल्या गच्च होत्या, पण त्या गर्दीत एकही आपली नव्हती.

म्हशाला शेवंताबाई आम्हाला गावापासून तासभर वर, ओढ्याकाठच्या उंबरांपाशी घेऊन गेल्या. पिकून पडलेल्या उंबरांचा सडा होता. पहिल्या सकाळी बाटल्यांत काही नाही. मॅडम उंबराच्या बुंध्याला टेकून बसल्या, आणि मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. आजचा दिवस गेला तर उरलेली फक्त उद्याची, परतायच्या दिवशीची सकाळ होती. बाई म्हणाल्या, “ऊन लागू दे गो. आता चिलट गारठलंय, तेला बी जीव हाय.”

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर बाटल्या उतरवल्या. मी नळी तोंडात धरली. इतक्या हळू श्वास घेतला की छाती दुखली. मॅडम भिंगाखाली नर-मादी वेगळे करत गेल्या.

मुरबाडपर्यंत एसटीच्या खिडक्या लागत नव्हत्या, वारा सुरीसारखा. पेटीत नळ्या गारठतील म्हणून मॅडमने त्या रुमालात गुंडाळून मला दिल्या, आणि मी त्या स्वेटरच्या आत, छातीशी धरून बसलो. गचका बसला की जीव वर यायचा. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, पावनं, छातीत दुखतंय काय? मी नाही म्हणून मान हलवली. त्या प्रवासात मी कोणालाही बिबट्या सांगितला नाही.

मुरबाडच्या पुढे सरांचा फोन आला. मॅडम डोळे मिटून खिडकीला टेकल्या होत्या. मी उचलला.

“म्हशाच्या किती?”

तीस वर्षांची सवय जिभेवर आली. शंभर म्हणावंसं वाटलं. निदान पन्नास. ऐकून सरांना बरं वाटलं असतं, मॅडमना बरं वाटलं असतं, मला तर फारच.

“सात,” मी म्हणालो.

“सात?”

“सातच, सर. माद्या सात.”

पलीकडे पेनाचं टोपण निघाल्याचा आवाज आला. स्वेटरच्या आत काच गार लागत होती, आणि मी हलायला भीत होतो.

“बरं,” सर म्हणाले. “सात लिहितो.”